माझ्या घराचा पासवर्ड जिन्यात लिहिणारे तुम्ही कोण?

काल संध्याकाळी बेलापूरच्या कार्यालयातून घरी परतताना दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांमधल्या जिन्यात मी थबकले. तिथल्या इंटरनेटच्या फायबर तारेच्या पेटीवर काळ्या मार्करने आमचे आडनाव, सदनिकेचा क्रमांक आणि त्याखाली ‘पासवर्ड’ असा शब्द घालून माझा दहा अंकी मोबाइल क्रमांक लिहिलेला होता. पेटी लहान असल्यामुळे शेवटचे चार अंक भिंतीवर गेले होते. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. दूधवाला, पेपरवाला, दिवसातून आठ-दहा वेळा येणारे कुरिअरवाले, वरच्या मजल्यावर शिकवणीला येणारी मुले, असा प्रत्येक जण याच जिन्याने जातो आणि यांच्यापैकी किती जणांनी दुपारपासून तो मजकूर वाचला असेल, हे मला कधीच कळणार नाही.

उरलेला प्रकार घरात गेल्यावर कळला. सकाळी घरातल्या इंटरनेटच्या यंत्रावर लाल दिवा लागला होता, म्हणून मी तक्रार नोंदवून कामावर गेले होते. दुपारी कंपनीचा तंत्रज्ञ आला तेव्हा घरात एकट्या सासूबाई होत्या; त्यांचे वय ७६ आहे. जिन्यातल्या पेटीत तार तुटली होती, ती त्याने नवे टोक लावून जोडली, दिवा हिरवा झाला आणि त्याचे काम तिथेच संपले होते. लाल दिव्याचा अर्थ तारेतून प्रकाश पोहोचत नाही एवढाच असतो. त्याचा पासवर्डाशी, नेटवर्कच्या नावाशी किंवा माझ्या घरातल्या जुळणीशी काडीचाही संबंध नसतो. तरीही या गृहस्थाने ओएनटीच्या, म्हणजे फायबरची तार जिथे येते त्या कंपनीच्या यंत्राच्या, मागच्या छिद्रात पिन खुपसून ते यंत्र कारखान्यातून आले त्या स्थितीला नेले. त्याच्यापुढे मी स्वतःच्या पैशांनी घेतलेला राउटर जोडला होता, त्याची वायर उपसून तो कपाटावर ठेवून दिला आणि ओएनटीचे वायफाय, जे मी मुद्दाम बंद करून घेतले होते, ते पुन्हा सुरू केले. सासूबाईंनी विचारले तेव्हा त्याने सांगितले, “याची गरज नाही आजी, आमच्याच डब्यात वायफाय आहे. आणि पासवर्ड फार अवघड होता, मी सोपा करून दिला आहे.” त्यानंतर त्याने त्यांच्याकडून ओटीपी मागून घेतला आणि तो निघून गेला.

कोणाला अवघड होता? फेब्रुवारीत सलग दोन रविवार बसून मी हे घरचे जाळे बांधले, तेव्हा पासवर्ड सासूबाईंना विचारूनच ठरवला होता. डब्ल्यूपीए२ या वायफायच्या सुरक्षापद्धतीत पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा ठेवता येतो, त्यामुळे मी त्यांना एकमेकांशी संबंध नसलेले पाच शब्द सांगायला लावले होते. त्यांच्या माहेरच्या शेताचे, घरातल्या सर्वांच्या विस्मरणात गेलेले नाव त्यात होते, एका भाजीचे नाव होते आणि बाकीचे मी इथे लिहिणार नाही. त्यांना तो तोंडपाठ होता. नातू सुट्टीत आला तेव्हा त्यांनी स्वतः तो एकेक अक्षर करून त्याच्याकडून टाइप करून घेतला होता आणि पाहुण्यांना घरचे नव्हे, तर पाहुण्यांसाठीचे वेगळे नेटवर्क द्यायचे असते, हेही त्यांना पक्के ठाऊक होते. ज्या बाईला हे सगळे समजत होते तिला, केवळ ती म्हातारी आहे म्हणून, ते ‘अवघड’ जाईल असे परस्पर ठरवून तिच्या हातातून ते काढून घेण्याचा अधिकार त्या माणसाला कोणी दिला? काल रात्री त्या मला विचारत होत्या, “अगं, मी त्याला ओटीपी द्यायला नको होता का?” त्यांच्या आवाजातली ती अपराधी भावना ऐकून माझा जो संताप झाला, तो अजून शमलेला नाही.

आणि सोपा म्हणजे काय, तर मोबाइल क्रमांक. ही या तंत्रज्ञांची एवढी सार्वत्रिक खोड झाली आहे, की आमच्या इमारतीतल्या कोणत्याही घराचे वायफाय उघडायला सोसायटीची नोंदवही पुरेशी आहे. आमच्या खालच्या फलकावर पाणी समितीच्या सदस्यांचे क्रमांक लावलेले आहेत, त्यांत माझाही आहे. समजा, फलक नसता आणि क्रमांक कोणालाही ठाऊक नसता, तरी काय? भारतातले मोबाइल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे शक्यता झाल्या ४०० कोटी. घरातला एखादा फोन वायफायला जोडला जात असताना होणारी देवाणघेवाण हवेतून टिपून घेतली, की पुढचा अंदाजांचा खेळ हल्लेखोराला स्वतःच्या घरी बसून करता येतो, आणि आजचे एक ताकदवान ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांहून अधिक अंदाज तपासते. चार हजार सेकंद. माझ्या घराचे कुलूप तासाभरापेक्षा थोडा अधिक वेळ टिकेल असे करून द्यायचे आणि त्याला सेवा म्हणायचे, हे मी ऐकून घेणार नाही.

बरे, पासवर्ड बदलून हे संपत नाही, कारण यंत्र मूळ स्थितीला गेल्यावर डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डाऐवजी पिन देऊन वायफायला जोडण्याची सोय, हीसुद्धा पुन्हा सुरू झाली आहे. त्याची आठ अंकी पिन कागदावर दहा कोटी शक्यतांची वाटते. पण शेवटचा अंक केवळ पडताळणीचा असतो आणि यंत्र पहिला अर्धा भाग बरोबर आहे की नाही हे वेगळे सांगून टाकते, त्यामुळे प्रत्यक्षात फक्त ११,००० प्रयत्न पुरतात. हे २०११ साली जगजाहीर झाले. इतक्या वर्षांनंतरही ती सोय आपोआप सुरू होणारी यंत्रे आमच्या घरात बसवली जातात आणि ती बंद करायची कळ मात्र मला दाखवली जात नाही. ओएनटीच्या पानावर मला दिलेल्या खात्यातून नेटवर्कचे नाव आणि पासवर्ड एवढेच दिसते. बाकीचे सगळे वरच्या खात्यात आहे, आणि त्या खात्याचा पासवर्ड ‘ग्राहकाला द्यायची परवानगी नाही’. फेब्रुवारीत मी हेच वाक्य चार वेगवेगळ्या माणसांकडून ऐकले, शेवटी एका भल्या वरिष्ठ तंत्रज्ञाने माझ्यासमोर बसून वायफाय आणि डब्ल्यूपीएस दोन्ही बंद करून दिले होते. ते सगळे काल पाण्यात गेले. यंत्र माझ्या दिवाणखान्यात, वीज माझी, दरमहा भाडे अधिक १८ टक्के जीएसटी माझा आणि त्याचा ताबा दुसऱ्याच कोणाकडे, त्यातही रोज बदलणाऱ्या कंत्राटी माणसांकडे.

“आपल्या घरात काय चोरायचे आहे?” हा प्रश्न आता कृपा करून कोणी मला विचारू नये. काल रात्री शेजारच्या काकांनी तोच विचारला. मी नेरुळला राहते. इथून दोन स्थानकांवर सानपाडा आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले, त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना जो धमकीचा ईमेल गेला, तो सानपाड्यात राहणाऱ्या एका अमेरिकी नागरिकाच्या उघड्या वायफायवरून गेला होता. पोलीस पत्ता शोधत आले ते त्याच्या दारात, आणि त्याची पुढे कसून चौकशी झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्लीत स्फोट झाले, तेव्हाचा ईमेल चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून पाठवला गेला होता. ‘चोरण्यासारखे’ त्यांच्याकडे काय होते? त्यांची जोडणी होती, एवढेच. २००९ च्या फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने सेवा कंपन्यांना ग्राहकांचे वायफाय सुरक्षित राहील हे पाहण्याच्या सूचना दिल्या, आणि आज त्याच व्यवसायातला माणूस माझा पासवर्ड जिन्यात लिहून जातो. उद्या काही घडले तर पोलिसांना कंपनी जे नाव देईल ते माझे असेल. मार्कर कोणाच्या हातात होता, हे कोणी विचारणार नाही.

काकांचा राग मला वेगळ्या कारणानेही आहे. त्यांच्या घरी वायफाय आहे, पण त्यांच्या ‘बेडरूममध्ये रेंज येत नाही’ म्हणून त्यांनी दोन वर्षांत तीनदा माझा पासवर्ड मागितला आहे. रेंज का येत नाही? कारण त्यांच्याकडेही यंत्र मुख्य दाराच्या वर, लोखंडी सेफ्टी डोअरला चिकटून बसवले आहे. तंत्रज्ञाला तिथून पुढे वायर न्यायचा कंटाळा असतो, त्यामुळे अर्धे वायफाय जिन्याला मिळते आणि सिमेंट-लोखंडाच्या दोन भिंती ओलांडून आतल्या खोलीत जे पोहोचते त्यावर साधा व्हिडिओ कॉल होत नाही. मी माझ्या घरी भांडून, स्वतः पंधरा मीटर लॅन केबल आणून, ती घराच्या मध्यभागापर्यंत नेली. चॅनेलांचेही तेच. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ या लहरींच्या पट्ट्यात एकमेकांना न अडणारी १, ६ आणि ११ अशी तीनच चॅनेले धरता येतात. आमच्या घरातून एकोणीस नेटवर्के दिसतात आणि त्यांतली बरीच एकमेकांच्या अंगावर बसलेली आहेत, कारण बसवताना कोणीही दोन मिनिटे पाहत नाही.

माझ्या मावसभावाने रात्री फोनवर दिलेल्या सल्ल्यांबद्दलही मला बोलायचे आहे. “नेटवर्कचे नाव लपव आणि मॅक पत्त्यांची यादी कर, बाकी काही नको.” हे सल्ले गेली पंधरा वर्षे लग्नाच्या पंगतीपासून ऑफिसच्या कॅंटीनपर्यंत आत्मविश्वासाने दिले जात आहेत आणि ते निरुपयोगी आहेत. नाव लपवले तरी तुमची उपकरणे जोडली जाताना तेच नाव हवेत उच्चारतात, आणि मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा ओळखक्रमांक, तर प्रत्येक संदेशाच्या पाकिटावर उघडा लिहिलेला असतो. लांब पासवर्ड, डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३, डब्ल्यूपीएस बंद, राउटरच्या पानाचा वेगळा पासवर्ड आणि वेळच्या वेळी नवे फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतले सॉफ्टवेअर, एवढे केल्यावर घर नीट बंद होते. हे साधे काम आहे आणि ते मी केले होते.

आता ते सगळे पुन्हा. घरात चौदा उपकरणे आहेत. दारावरचा कॅमेरा आणि दोन दिवे फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात, प्रिंटरला पासवर्ड टाकायचा तर दोन बाणांच्या कळांनी एकेक अक्षर निवडावे लागते, टीव्ही प्रत्येक वेळी नव्याने शर्ती स्वीकारायला लावतो. कॅमेरा मला सर्वांत आधी वेगळ्या नेटवर्कवर न्यावा लागेल, कारण २०१६ साली मिराई या घातक सॉफ्टवेअरने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते केवळ कारखान्यातले साठ-एक ठरावीक पासवर्ड वापरून पाहून. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून असे सर्वांना सारखे किंवा सहज ओळखता येण्यासारखे ठरीव पासवर्ड देऊन उपकरणे विकणे कायद्याने बंद आहे. माझ्या घरी मात्र उपकरणाचा पासवर्ड चांगला होता आणि कंपनीच्या माणसाने येऊन तो वाईट केला. याला कोणत्या कायद्याखाली जाब विचारायचा, ते कोणी मला सांगेल का?

तक्रार मी रात्रीच केली. पलीकडच्या मुलीने मला राउटर बंद करून तीस सेकंदांनी सुरू करायला सांगितले. माझी तक्रार जिन्यातल्या लिखाणाबद्दल आणि काढून टाकलेल्या जुळणीबद्दल आहे, हे मी तिला तीनदा शांतपणे सांगितले. तिच्यापुढे त्या प्रकारची नोंद करायला रकानाच नव्हता. ‘वेग कमी’, ‘लाल दिवा’ आणि ‘बिल’ एवढेच पर्याय होते. तिने ‘वेग कमी’ निवडले. आज सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी संदेश आला, की वेगाची तपासणी केली असून आपली तक्रार सोडवण्यात आली आहे.

मी आज रजा घेतली आहे. माझा राउटर पुन्हा जागेवर बसला, सासूबाईंनी पाच नवे शब्द दिले, कारण जुना पासवर्ड त्या माणसाने सकाळपर्यंत कोणाकोणाला सांगितला असेल याचा भरवसा नाही, आणि ओएनटीचे वायफाय मला बंद करता येत नसल्यामुळे तूर्त त्यालाही असाच लांब, वेगळा पासवर्ड घातला आहे. डब्ल्यूपीएस अजून सुरू आहे. वरच्या खात्यासाठी मी लेखी अर्ज पाठवला आहे. दुपारी थिनर आणि फडके घेऊन जिन्यात गेले. पेटीवरचे लिखाण पुसले गेले. भिंतीवरचे चार अंक चुन्यात मुरले आहेत, ते घासून जात नाहीत. सोसायटीच्या रंगाचा उरलेला डबा गच्चीवर आहे, गच्चीची किल्ली सचिव संध्याकाळी आले की घेणार आहे.