भाजी मुंबईला जाऊ द्या, तब्येत तुमची सुधारेल

नाशिककर मंडळी, तब्येत सुधारायची असेल तर आधी एक गोष्ट पक्की करा. भाजी ही पिकवायची आणि पाठवायची वस्तू आहे, खायची नव्हे. आपला जिल्हा म्हणजे मुंबईची परसबाग. बाजार समितीत लिलाव झालेली मेथी-कोथिंबीर रात्रीतून कसारा घाट उतरते आणि पहाटे मुंबईत हजर होते. परसबागेच्या मालकानं परसातलं खायचं नसतं, अभिमान बाळगायचा असतो. पाहुणे आले की लासलगावचा कांदा, पिंपळगावचा टोमॅटो, दिंडोरीची द्राक्षं घडाघडा म्हणून दाखवा. निम्मी जीवनसत्त्वं तिथेच मिळतात.

भावाचं तंत्रही सांभाळा. २०२३ च्या जुलैत टोमॅटोनं किलोला शंभरी ओलांडली, तेव्हा परवडत नाही म्हणून खाऊ नका. पुढं भाव कोसळून शेतकरी क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओतू लागला की त्याचा व्हिडिओ ‘अरेरे’ लिहून चार ग्रुपवर टाका. तेव्हाही खाऊ नका.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की माणसानं दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खाव्यात. एवढी भाजी आपल्याकडे चौघांच्या डब्यांना पुरते आणि वर रात्री उरते. शिवाय ही मंडळी बटाटा त्या हिशोबात धरतच नाहीत. वडापावावर एवढा उघड अन्याय करणाऱ्यांचं ऐकायचं कशाला?

त्यापेक्षा आपली मिसळ घ्या. रविवारी सकाळी सहकुटुंब जा. मोड आलेली मटकी पौष्टिक असते आणि मोड आल्यावर तिच्यातलं क जीवनसत्त्व वाढतं, हे अगदी खरं आहे. वाटीत खोलवर चमचा फिरवलात तर ती सापडतेही. वरच्या लाल तवंगाकडे बघून कचरायचं नाही. मिरची ही भाजीच. फरसाण हरभऱ्याच्या डाळीचं, म्हणजे प्रथिनं. पापड उडदाचा, म्हणजे पुन्हा कडधान्य. कांदा-लिंबू म्हणजे सॅलड. जिलबीबरोबर दही असेल तर पचनाचाही प्रश्न मिटला. पावाला मात्र कसलाच आधार सापडत नाही, म्हणून तो तर्रीत पूर्ण बुडवून खावा, दिसत नाही. रस्सा पुन्हा मागायला लाजू नका, त्याचे पैसे नसतात.

इतकं करूनही पोट पुढं येतंच असेल तर गंगापूर रोडच्या जॉगिंग ट्रॅकवर जायला लागा. निदान बाहेर रसवाल्यापर्यंत तरी जा. दुधी, बीट, गाजर, आवळा, कारलं, जे मागाल ते तो डोळ्यांदेखत पिळून देईल. त्यातला चोथा मात्र ग्लासात येऊ देऊ नका, घशाला लागतो. भाजीतले तंतू, ज्यांच्यामुळे पोट भरल्यासारखं वाटतं, साखर रक्तात हळूहळू उतरते आणि सकाळ सुखाची जाते, ते बहुतेक सगळे त्या चोथ्यात असतात. तो गाईला घालायचा. गाईचं पोट साफ राहतं आणि आपण घरी येऊन इसबगोल घ्यायचं. (दुधीचा रस कडू लागला तर मात्र चेष्टा पुरे, तो थुंकून टाका. कडू दुधी खरोखर विषारी असतो.)

आता धान्याचं बघू. पेठ-सुरगाण्याकडची नागली, म्हणजे नाचणी, फार स्वस्तात आणि फार जवळ मिळते, त्यामुळे तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही. तीच नागली बिस्किटात शिरून, चकचकीत पाकिटावर कणसाचं चित्र छापून कॉलेज रोडला आली की घ्यावी. फक्त पाकीट उलटायचं नाही. मागं बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात आणि ते वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात, असा नियम आहे. मैदा, साखर, पामतेल अशी वरात आधी जाते आणि नागली कुठंतरी शेवटी, वरातीमागून घोडं. मूड जातो उगाच. पुढचंच चित्र बघा. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, त्यात आपलाही खारीचा वाटा झाला असं समजा.

पावसाळ्यात रानभाजी महोत्सव भरतो, तिथं अवश्य जा. कुरडू, भारंगी, टाकळा, शेवळं मांडून बसलेल्या बाईंना ‘मावशी, हे काय असतं?’ असं विचारा. त्या बिचाऱ्या मनापासून सांगतील, की शेवळं नुसती शिजवायची नाहीत, घसा खवखवतो. काकडं, म्हणजे रानातली आंबट फळं, घालायची, नाहीतर चिंच तरी. तुम्ही मान डोलवा, जुडी हातात धरून फोटो काढा, जुडी जागेवर ठेवा आणि बाहेर येऊन भजी खा. घ्यायचीच वेळ आली तर दहाच्या दोन मागा.

पुरुष वाचकांसाठी थोडं वेगळं. संकल्प करणं हे तुमचं काम आहे. ‘उद्यापासून रोज पालेभाजी’ असं जेवताना मोठ्यानं जाहीर करायचं. मग मेथीच्या दोन जुड्या आणून ओट्यावर टाकायच्या आणि टीव्हीसमोर बसायचं. पुढचं सगळं आपोआप होतं. कुणीतरी पेपर पसरतं, जुडीची सुतळी सोडतं, पिवळी पानं वेगळी काढतं, कोवळे देठ ठेवतं, जून देठ मोडून टाकतं, तीन पाण्यांतून माती काढतं. एवढं करून दोन जुड्यांची वाटीभर भाजी होते. ती ताटात आली की ‘जरा कडू झालीय’ एवढंच बोलायचं. आठवडाभरात पालेभाजी येणं आपसूक बंद होतं आणि दोष तुमच्यावर येत नाही. ‘मी तर तयार होतो’ हे वाक्य पुढं कितीही वर्षं वापरता येतं.

चाळिशीनंतर कधीतरी डॉक्टर रक्ताचे रिपोर्ट बघतील, चष्मा कपाळावर सारतील आणि विचारतील, “जेवणात भाज्या असतात ना?” बेधडक ‘हो, रोज’ म्हणा. फक्त त्या वेळी शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या बायकोकडे बघू नका.