तुर्कानाच्या पोटातला 'गोडा समुद्र'

दर्यापूरच्या मामांनी परवा घरच्या व्हॉट्सॲप गटावर एक मजकूर टाकला आणि खाली 'विचार करण्यासारखे' असा शेराही मारला. केनियाच्या वायव्येला असलेल्या तुर्काना भागात जमिनीखाली साऱ्या देशाला ७० वर्षे पुरेल एवढे गोडे पाणी आहे, तरी तिथले लोक आळसापायी तहानलेले राहतात, शेती सोडून शेळ्यांमागे भटकतात, शेजारच्या तुर्काना सरोवरातले मासेही धरत नाहीत आणि सरकार तर तिथे औषधालाही नाही, असे त्याचे सार आहे.

सर्वांत धडधडीत खोटे पाण्याचे आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये केनिया सरकार आणि युनेस्को यांनी तुर्कानातल्या लोटिकिपीच्या मैदानाखाली प्रचंड भूजलसाठा असल्याचे जाहीर केले, हे खरे; ७० वर्षांचा हिशेबही तेव्हाच्या बातम्यांतलाच. पण तो उपग्रहांच्या माहितीवर आणि मोजक्या विंधन विहिरींवर बेतलेला अंदाज होता, आणि पुढच्या चाचण्यांत लोटिकिपीचे पाणी पिण्याच्या लायकीचे नाही इतके खारट निघाले. पहिली बातमी जगभर फिरली, दुसरी कोणी पुढे पाठवलीच नाही. जमिनीत पाणी असणे आणि ते घशाखाली उतरणे यांतला फरक विहिरींना खारट पाणी लागणाऱ्या दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात हयात घालवलेल्या मामांना मी सांगावा, याचे खरोखर नवल वाटते.

राहिला आळस. लोडवार या मुख्य गावी वर्षाकाठी सरासरी २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नद्या कोरड्या पडल्या की बायका पात्रातल्या वाळूत झिरे खोदतात, पाणी खाली जाईल तसतशा स्वतः खड्ड्यात उतरतात आणि वाटी वाटीने पिवळे डबे भरून डोक्यावरून घरी नेतात. याला आळस म्हणणाऱ्याने एक डबा भरून दाखवावा.

शेळ्या-उंटांमागची भटकंतीही उगाच नाही. पाऊस कधी इथे तर कधी तिथे पडतो, म्हणून चाऱ्यामागे जनावरे हलवणे हाच तिथला शहाणपणाचा धंदा आहे. जिथे ओल मिळते त्या तुर्कवेल आणि केरिओ नद्यांकाठी हेच लोक ज्वारी पेरतात.

माशांबद्दलचे विधान तर सरोवराकाठी उभे राहिले तरी टिकणार नाही, कारण तिथला सुकवलेला मासा थेट काँगोच्या बाजारापर्यंत जातो. सरोवराकाठच्या कालोकोल गावी नॉर्वेच्या मदतीने उभारलेला मासे गोठवण्याचा कारखाना बंद पडला, तो मात्र लोकांच्या आळसाने नव्हे, तर वाळवंटात गोठवणीचा खर्च न परवडल्याने आणि सरोवराच्या फर्ग्युसन नावाच्या आखातातले पाणी हटल्याने.

सरकारबद्दलच्या तक्रारीत थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. १९६५ च्या सरकारी धोरणपत्रातच चांगली जमीन आणि चांगला पाऊस असलेल्या भागांत आधी पैसा घालावा असे म्हटले होते. त्यामुळे तुर्कानासारखा कोरडा उत्तर भाग रस्ते, शाळा आणि दवाखाने यांत अनेक दशके मागे पडला. मात्र हे चित्र आजचे म्हणून खपवणे चूक आहे. २०१० च्या राज्यघटनेनुसार २०१३ पासून तुर्कानाला स्वतःचे निवडून आलेले काउंटी (म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाचे) सरकार आहे, दवाखाने त्याच्याच अखत्यारीत येतात, आणि उत्तरेतल्या ज्या काउंटींत गरीब कुटुंबांना नियमित रोख मदत मिळते त्यांत तुर्कानाही आहे.