"कुठलंही लाल ऑइल चालतं" म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

"ऑटोमॅटिक गाडीवाल्यांनो, शोरूमला लुटू देऊ नका" अशी सुरुवात असलेला एक मेसेज सध्या घराघरांतल्या ग्रुपवर फिरतोय. गिअरबॉक्सचं ऑइल घरीच बदलायची त्यातली कृती थोडक्यात अशी: कुठलंही लाल ऑइल आणा, नाही मिळालं तर इंजिन ऑइलही चालतं. गाडी जॅकवर चढवा, चेंबर (गिअरबॉक्सखालचं ऑइलचं तबक) खोला, फिल्टर पेट्रोलने धुवा. लिटरभर डिझेल घालून पाच मिनिटं इंजिन चालवा, म्हणजे आतली घाण निघते. मग जेवढं ऑइल निघालं तेवढं नवीन ओता. पाऊण तासात काम, दहा-बारा हजारांची बचत. वर "कंपनीवाले लाइफटाइम ऑइल म्हणतात ते साफ खोटं" हा तडका.

हा मेसेज माझ्या काकांपर्यंत पोचला. त्यांची होंडा सिटी आहे, सीव्हीटी प्रकारची ऑटोमॅटिक. ते लाल ऑइलचे डबे घेऊन मोकळेही झाले आणि मला फोन, "जॅक आहे माझ्याकडे, रविवारी ये." म्हणून हे लिहायला बसलोय.

मुळात "ऑटोमॅटिक" या एका नावाखाली आपल्याकडे चार वेगळी यंत्रं विकली जातात, आणि मेसेज लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताच नाही. 2014 च्या सेलेरिओपासून जी स्वस्त ऑटोमॅटिक घरोघरी पोचली ती एएमटी. म्हणजे आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम माणसाऐवजी यंत्रणा करते. त्यात साधं गिअर ऑइल असतं. एटीएफचा, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या खास ऑइलचा, फिल्टर नसतोच, त्यामुळे मेसेज वाचून तो शोधायला गाडीखाली गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत तिथेच सापडेल. डीसीटीची, म्हणजे दोन क्लचवाल्या गिअरबॉक्सची, तऱ्हा निराळी. जुन्या ऑक्टाव्हिया डिझेलमधल्या सहा गिअरच्या ओल्या (ऑइलात बुडलेल्या) क्लचच्या डीएसजीला (स्कोडा-फोक्सवॅगनच्या डीसीटीचं नाव) दर 60 हजार किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर, दोन्ही बदलायचे असतात. पोलो जीटी टीएसआयमधल्या सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजीला असं वेळापत्रकच नाही. उरले टॉर्क कन्व्हर्टरवाले, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलच्या प्रवाहातून गिअरबॉक्सकडे नेणारे, आणि सीव्हीटी. मेसेजमधली कृती थोडीफार जुळते ती टॉर्क कन्व्हर्टरवाल्यांना, तीही त्यातल्या जुन्या गिअरबॉक्सना.

आता "लाल ते सगळं सारखंच" हा मुद्दा. सगळ्यात जास्त वाट लावणारा हाच आहे.

लाल रंग हा निव्वळ रंग आहे. खाली पडलेला थेंब इंजिनचा की गिअरबॉक्सचा हे ओळखता यावं म्हणून तो घालतात. त्यावरून ऑइलचा गुण कळत नाही. टोयोटाचंच पाहा. त्यांचं टी-फोर लाल आणि नंतर आलेलं डब्ल्यूएसही लाल. पण डब्ल्यूएस जास्त पातळ आहे, आणि एकाच्या जागी दुसरं घालू नका असं खुद्द टोयोटा सांगते. एकाच कंपनीची दोन लाल ऑइलं एकमेकांना चालत नाहीत, तिथे दुकानातला कुठलाही लाल डबा कसा चालेल?

सीव्हीटीत तर हा प्रकार जीवघेणा. तिथे दातेरी गिअरच्या जोड्या बदलत नाहीत. शेकडो बारीक पोलादी तुकडे ओवलेला पट्टा दोन पुलींमध्ये चिमटलेला असतो, आणि इंजिनची सगळी ताकद त्या पकडीतून चाकाकडे जाते. पोलादावर पोलाद, मध्ये ऑइलचा पातळ थर. त्या ऑइलने बेअरिंगला घसरतं ठेवायचं आणि पट्ट्याला मात्र घसरू द्यायचं नाही, अशी दुहेरी नोकरी असते. म्हणून होंडा सीव्हीटीसाठी एचसीएफ-2 मागते, निसान एनएस-3 मागते. साधं एटीएफ बनवलेलं असतं कागदी अस्तराच्या क्लच प्लेटसाठी. ते सीव्हीटीत घातलं की पट्टा घसरण्याची भीती. आणि पट्टा घसरला की पुलीच्या गुळगुळीत तोंडावर ओरखडे पडतात, ओरखड्यांचा चुरा ऑइलमध्ये, चुरा ऑइलचा दाब हवा तिथे वळवणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीत. पुढचं बिल दहा-बारा हजारांचं नसतं, लाखाच्या घरातलं असतं. काका, ते डबे परत करा.

"इंजिन ऑइल चालतं" ही अफवा कुठून उठली असेल याचा मला अंदाज आहे. होंडाच्या जुन्या मॅन्युअल गाड्यांच्या पुस्तिकेत, गिअर ऑइल मिळालंच नाही तर तात्पुरतं टेन-डब्ल्यू-थर्टी इंजिन ऑइल घाला, असं छापलेलं असायचं. मॅन्युअल. तात्पुरतं. हे दोन्ही शब्द फॉरवर्ड होता होता गळाले.

"जेवढं निघालं तेवढं ओता" यात मात्र थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. निघालेलं ऑइल मोजून ठेवणं चांगलंच. पण आधीच गळती असेल तर तुम्ही इमानदारीने कमीच भराल. आणि पातळी शेवटी तपमानावर ठरते. आजच्या बऱ्याच गिअरबॉक्सना डिपस्टिक नसते. खाली एक बोल्ट असतो, तो काढला की थोडंसं ऑइल येतं आणि थांबतं. लोक घाबरतात, "अरे, ऑइलच संपलंय!" संपलेलं नसतं. त्या भोकात आत एक उभी नळी असते आणि फक्त तिच्या तोंडाच्या वरचं तेवढं ऑइल बाहेर आलेलं असतं. षटकोनी किल्लीने ती नळी काढली की मग खरी धार लागते. भरताना नळी परत बसवायची, वरच्या भोकातून ऑइल घालायचं, इंजिन चालू ठेवायचं, सगळे गिअर फिरवून घ्यायचे आणि ऑइल ठरलेल्या तपमानाला असताना तो बोल्ट उघडायचा. टोयोटाच्या बऱ्याच गिअरबॉक्समध्ये ते 40 अंशांच्या आसपास असतं. धार तुटून थेंब थेंब पडायला लागलं की पातळी बरोबर. ऑइल तापून फुगलेलं असताना हेच केलंत तर हवं असलेलं ऑइलही वाहून जातं. थंड असताना केलंत तर जास्त भरलं जातं, मग फिरत्या भागांनी घुसळून फेस होतो, पंप हवा ओढतो आणि क्लचवरचा दाब पडतो. हे तपमान गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरवर बघायचं असतं, हात लावून नाही. आणि निचऱ्याचा बोल्ट उघडण्याआधी भरायचा बोल्ट सुटतोय का हे बघा. तो गंजून बसलेला असला तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन टो व्हॅनची वाट बघत बसाल.

फिल्टर धुणं: धातूच्या जाळीचा असेल तर धुता येतो, ठीक. नमद्याचा असेल तर नाही, आत अडकलेला कचरा पेट्रोलने निघत नाही. आणि सहा गिअरच्या बऱ्याच गिअरबॉक्समध्ये तो केसिंगच्या आतच असतो. गिअरबॉक्स उतरवून उघडल्याशिवाय हाताला लागत नाही. चेंबर खोललाच तर तळाच्या चुंबकावरची राखाडी पेस्ट पाहून घाबरू नका, ती नेहमीची झीज आहे. धातूचे कपचे दिसले तर मात्र ऑइल बदलून भागणार नाही. बोल्ट परत लावताना टॉर्क पाना, म्हणजे ठरलेल्या जोरालाच आवळता येणारा पाना, वापरा. हे छोटे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये जातात, साधारण 10 न्यूटन-मीटरला बसतात. अंगातली ताकद दाखवलीत की आटे गेले.

डिझेलबद्दल काय बोलावं! निचरा केल्यावर गिअरबॉक्समधलं जेमतेम तिसरा हिस्सा ते निम्मं ऑइल बाहेर येतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहतं. मग तुम्ही घातलेलं डिझेल काय वेगळं वागणार आहे? तेही तिथेच राहणार आणि तुमच्या महागड्या नव्या ऑइलमध्ये मिसळणार.

राहिलं "लाइफटाइम". इथे मेसेज निम्मा खरा आहे, आणि हे निम्मं खरं असल्यामुळेच बाकीचं खपतं. बीएमडब्ल्यूपासून अनेकांना गिअरबॉक्स पुरवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी स्वतः सांगते की ऑइल 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटरला, किंवा फार तर 8 वर्षांनी बदला. गिअरबॉक्स बनवणाराच हे म्हणतोय, तेव्हा गाडी विकणाऱ्याच्या "लाइफटाइम"वर डोळे मिटून विसंबू नका. शिवाय ज्याच्याकडे टॉर्क कन्व्हर्टरची गाडी, नेमकं ऑइल, स्कॅनर आणि टॉर्क पाना आहे, त्याने निचरा करून ऑइल भरण्याचं काम घरी जरूर करावं. वॉरंटी संपलेली असेल तर आणखी बरं.

पण नुसत्या जॅकवर नको. जॅक चाक बदलण्यापुरता असतो. खाली शिरायचं तर सपाट जमिनीवर चारही बाजूंना स्टँड लावा. गाडी सपाट नसेल तर पातळीही चुकीचीच दिसणार. विटा आणि दगड रचून तर अजिबात नाही, विटा दाबाखाली न सांगता फुटतात.

मेसेजच्या शेवटी "जुनं ऑइल वाळवीला मारा" असाही सल्ला आहे. 2016 च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे. डब्यात झाकण लावून ठेवा आणि जे गॅरेज आपलं जुनं ऑइल पुनर्प्रक्रियेला देतं त्याला नेऊन द्या. बहुतेक जण नाही म्हणत नाहीत, त्यांना त्याचे पैसे मिळतात.