‘सहा हजारांत दीड पान’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार डॉक्टर,

तुमचा एका ताऱ्याचा अभिप्राय वाचला. यूएसएमएलई स्टेप १ च्या (अमेरिकेत डॉक्टरकी करण्यासाठी द्यावी लागणाऱ्या परीक्षेच्या पहिल्या टप्प्याच्या) बिहेवियरल सायन्स, म्हणजे वर्तनशास्त्राच्या बॅचमुळे तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. इंटर्नशिपच्या ड्युट्या सांभाळून पोरं येतात, कंटाळलेली असतात, याची मला कल्पना आहे.

पण "सहा हजार घेतले आणि पुस्तकांची दीड पानी यादी हातावर टेकवली, ही फसवणूक आहे" असं तुम्ही लिहिलंत, त्यावर गप्प बसणं मला जमत नाही. परवा एका मुलीच्या वडिलांनी चौकशीला फोन केला आणि पहिलाच प्रश्न तो. "मॅडम, ते दीड पान म्हणजे काय हो?" आमच्याकडे जाहिरातीला पैसे नाहीत. लोक इथलंच वाचून येतात, किंवा येत नाहीत.

सहा हजार यादीचे नव्हते. यादी पहिल्या दिवशी मिळते, ती कुणाला फुकट द्यायलाही माझी हरकत नाही. पैसे पुढच्या प्रश्नचर्चेचे होते, आणि शनिवारच्या चर्चेला तुम्ही बहुतेक वेळा नव्हता. असो, ड्युटी असेल.

आता यादी दीड पानाचीच का, ते सांगते. परीक्षेच्या अधिकृत आराखड्यात संवादकौशल्य आणि नीतिशास्त्र धरून सामाजिक शास्त्रांना ६ ते ९ टक्के प्रश्न आहेत, बायोस्टॅट (वैद्यकीय संख्याशास्त्र) आणि साथरोगशास्त्राला ४ ते ६. पॅथॉलॉजी, फिजिओलॉजी डोक्यावर असताना एवढ्यासाठी चार जाड पुस्तकं घ्यायला लावणं मला पटत नाही. म्हणून ‘फर्स्ट एड’ या तयारीच्या पुस्तकाची चालू आवृत्ती, त्यातलं पब्लिक हेल्थ सायन्सेसचं प्रकरण, एक क्यूबँक (सरावाचा प्रश्नसंच) नीट संपवणं, एनबीएमई या परीक्षा मंडळाच्या सराव परीक्षा आणि यूएसएमएलईच्या संकेतस्थळावरचे १२० फुकट प्रश्न, एवढंच पहिल्या पानावर आहे. उरलेल्या अर्ध्या पानावर काय घेऊ नका ते आहे. सगळ्यात जास्त वेळ मला त्या अर्ध्या पानाला लागतो. तुम्ही मात्र तेच ‘रिकामं’ म्हटलंत.

त्यात एक ओळ होती, जुन्या आवृत्त्यांची झेरॉक्स वापरू नका. तुम्ही सीनियरकडून आणलेली झेरॉक्स वर्गात दाखवलीत, "यात सगळं आहे" म्हणालात, तेव्हा मी ती चाळली होती. त्यात मनोविकारांचं निदान अजून पाच अक्षांवर होतं. ती पद्धत २०१३ साली डीएसएम-५, म्हणजे मनोविकारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका, आलं तेव्हाच गेली. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत तर लांबलेल्या शोकाचा विकार वेगळा धरलाय, तो त्या झेरॉक्समध्ये असणारच कुठून? हे मी सगळ्यांसमोर बोलले, ते तुम्हाला लागलं असेल. पण बोलले ते चुकीचं नव्हतं.

दुसरं, "संवादाच्या प्रश्नांत चारही उत्तरं गोडच वाटतात, त्यासाठी पुस्तक द्यायला हवं होतं." पुस्तक वाचून तो गुंता सुटत नाही, हे माझं ठाम मत आहे. आपली अडचण माहितीची नाहीच, सवयीची आहे. मुलगा येऊन म्हणतो, बाबांना कॅन्सर आहे हे सांगू नका. आपल्याकडे वॉर्डात सगळे मान डोलावतात. अमेरिकेतल्या परीक्षेत मात्र आधी बाबांनाच विचारायचं, तुम्हाला किती जाणून घ्यायचंय. मुलाची इच्छा पुरत नाही. रुग्णाला इंग्रजी येत नसेल तर आपण पटकन नातेवाईकाला पुढे करतो, तिथे प्रशिक्षित दुभाषा बोलवायचा. प्रश्न सोडवायचा, चुकायचं, का चुकलं यावर भांडायचं, असं वारंवार केल्यावरच हात बसतो. शनिवार त्यासाठीच ठेवला होता. हे पुन्हा सांगतेय, कारण तुमच्या अभिप्रायात शनिवारचा उल्लेखच नाही.

"या विषयात मी कच्चा राहिलो" असंही तुम्ही लिहिलंय. पास झालात, मनापासून अभिनंदन. पण जानेवारी २०२२ पासून स्टेप १ ला गुण दिसत नाहीत, आणि कुठला विषय कच्चा गेला याचा आलेख फक्त नापास झालेल्यांना मिळतो. मग तुम्ही कच्चे राहिलात हे ठरवलं कुणी?

बायोस्टॅट ‘सोपं धरून फारच भरभर’ घेतलं, ही तक्रार मान्य नाही. एमबीबीएसला पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र) झालेल्या मुलांना सेन्सिटिव्हिटी, स्पेसिफिसिटी या तपासणीच्या अचूकतेच्या मूलभूत कल्पना पहिल्यापासून शिकवत बसले असते, तर ‘वेळकाढूपणा’ म्हणून एक तारा मिळाला असता.

पुढच्या बॅचपासून यादीत प्रत्येक नावापुढे कारण लिहायचा विचार आहे, आणि शनिवारच्या वेळेचंही काहीतरी बघते.

फीबद्दल प्रत्यक्ष बोलायचं असेल तर वर्गाच्या नंबरवर संध्याकाळी फोन करा, मीच उचलते. तारे वाढवा असं मी म्हणणार नाही. तेवढं ‘फसवणूक’ काढता आलं तर बघा.