छातीवरचे पाच लिटर

जिना चढताना माणसाने कठड्याचा आधार घ्यावा असे घरच्यांना वाटू लागते, त्या वयात मी काइटसर्फिंग शिकण्याचे ठरवले. वीस-बावीस मीटर लांबीच्या दोऱ्यांच्या टोकाला खोलीएवढा पतंग, दोऱ्यांचे दुसरे टोक कमरेला आवळलेल्या पट्ट्याच्या, म्हणजे हार्नेसच्या, हुकात, पायांखाली एक फळी आणि उरलेले सगळे वाऱ्यावर सोडायचे, असा हा खेळ आहे. (मराठीत ‘वाऱ्यावर सोडणे’ कोणत्या अर्थाने म्हणतात, याचा विचार मी तेव्हाच करायला हवा होता.) पतंग, फळी आणि वारा या तिघांची जबाबदारी प्रशिक्षकाने घेतली असल्यामुळे मी निश्चिंत होतो. माझ्याकडे एवढेच काम उरले होते की अंगात घालायची व्हेस्ट मी स्वतःची आणायची. एक बिनबाह्यांची बंडी निवडायला कितीसा वेळ लागणार, असे मला वाटले. दोन महिने लागले.

प्रशिक्षक माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा आहे. तो मला काका म्हणतो आणि पाण्यात उतरल्यावर माझ्यावर ओरडतो. कोणती व्हेस्ट घेऊ, असे मी विचारले तेव्हा त्याने उलट प्रश्न केला, “काका, तुम्हांला ती तरंगायला हवी आहे की आपटायला?” आपटण्याची माझी मुळीच इच्छा नव्हती, आणि तरंगत राहण्याची वेळ येईल असे तोवर मला कोणी सांगितले नव्हते. मी दोन्हींसाठी असे उत्तर दिले. त्यावर तो ज्या सहानुभूतीने हसला, तिचा अर्थ कळायला मला बराच काळ जावा लागला.

आपटण्याची म्हणजे इम्पॅक्ट व्हेस्ट ही निओप्रीनच्या ताणल्या जाणाऱ्या कापडात फोमच्या पट्ट्या बसवून केलेली असते आणि तिचा सारा जीव बरगड्यांवर असतो. पाच मीटर उंचीवरून सरळ खाली पडलेला माणूस पाण्याला ताशी सुमारे ३६ किलोमीटर वेगाने भेटतो, आणि इतक्या घाईने आलेल्या पाहुण्याला पाणी चटकन वाट करून देत नाही. पाणी चुकले तर फळीची कड असते, आणि फळीखाली फॉइल, म्हणजे फळीला पाण्यावर उचलून धरणारा पंख, लावले असेल तर त्याची धारदार पाती असतात. मी पाच मीटर उंच जाणार नव्हतो हे उघड आहे. जमिनीवर मी पाच सेंटिमीटर उंच उडी मारली तरी दुसऱ्या दिवशी गुडघे त्याची आठवण देतात. पण पतंग माझ्या गुडघ्यांचे मत विचारत नाही, असे प्रशिक्षकाने बजावल्यामुळे मी इम्पॅक्ट व्हेस्टपासून सुरुवात केली.

ती अंगाला इतकी छान बसली की आरशासमोर उभा राहिल्यावर मी पोट आत घेतले आणि काही क्षण ते तिथे राहिलेही. मग आतील बाजूला शिवलेली चिठ्ठी वाचली. हे जीवरक्षक साधन नाही, असे तिच्यावर सहा भाषांत लिहिले होते. रात्रीच्या पहारेकऱ्याने कामावर रुजू होतानाच आपण रात्री झोपतो असे लिहून द्यावे, तसा हा प्रकार होता. विक्रेत्याने खुलासा केला की ही व्हेस्ट तरंगते, थोडे तरंगवतेही, परंतु किती तरंगवते याची हमी कोणी देत नाही. ज्या वस्तूचे गुण विक्रेताच दबक्या आवाजात सांगतो, ती घेऊन समुद्रात जाण्याइतका मी अजून पोहोचलेला नव्हतो.

हमी हवी असेल तर न्यूटनांकडे जावे लागते. तरंगण्याच्या साधनांसाठी आयएसओ १२४०२ नावाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्यात वर उचलून धरणाऱ्या बलाच्या ५०, १००, १५० व २७५ न्यूटन अशा पायऱ्या आहेत. शाळेत प्लावक बलाच्या धड्याला मी गैरहजर होतो, असे म्हणण्यापेक्षा हजर असूनही नव्हतो असे म्हणणे अधिक खरे ठरेल. त्यामुळे रात्री कागद घेऊन हिशेब मांडला. माझे वजन ८२ किलो, म्हणजे सुमारे ८०० न्यूटन. दुकानातील व्हेस्ट ५० न्यूटनची. उरलेल्या ७५० न्यूटनांची सोय काय, या प्रश्नाने मला त्या रात्री झोप लागली नाही.

सकाळी उलगडा झाला. शरीर बहुतांशी पाण्याचेच बनलेले असल्यामुळे पाण्यात बुडालेल्या भागाचे वजन जवळजवळ शून्यावर येते. उचलून धरायचे असते ते पाण्याबाहेर राहणारे डोके. डोके साधारण पाच किलोचे, आणि ५० न्यूटन म्हणजेही साधारण पाच किलोचा आधार. बाजूला सारल्या गेलेल्या पाण्याच्या वजनाइतका हा आधार मिळत असल्याने, त्यासाठी छातीपाठीवर जवळजवळ काहीच वजन नसलेला पाच लिटर फोम बांधावा लागतो. थोडक्यात, माणूस पैसे देतो ते पाच लिटर हवा अंगावर शिवून घेण्याचे. हे मी उत्साहाने पत्नीला समजावून सांगितले. तिने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे तुमच्यातलं वाचवायचं काय, तर डोकं?” प्रश्न विचारण्याची पद्धत मला आवडली नाही.

या हिशेबातून एक सुखद गोष्टही हाती आली. चरबी पाण्याहून हलकी असते आणि स्नायू जड. ज्या पोटाबद्दल मी वीस वर्षे टोमणे सहन केले, ते मूळचेच एक तरंगण्याचे साधन होते, आणि माझ्या शेजारी सळसळत्या स्नायूंनिशी उभा असलेला प्रशिक्षक माझ्यापेक्षा आधी बुडण्याच्या लायकीचा होता. हे मी त्याला सांगितले नाही. पाण्यात तो माझ्या हार्नेसचे हँडल धरून असतो.

पन्नास चांगले तर शंभर अधिक चांगले, हा विचार कोणाच्याही मनात येईल. माझ्या मनात तो आला आणि मी एका परिचिताचे १०० न्यूटनचे जाड जॅकेट मागून आणले. या जातीची जॅकेटे शुद्ध हरपलेल्या माणसाला उताणे करून त्याचे तोंड पाण्याबाहेर राखण्यासाठी बनवलेली असतात. माणूस शुद्धीवर आहे आणि त्याचा काही वेगळा बेत आहे, हे त्यांना ओळखता येत नाही. त्या दिवशीचा पाठ बॉडी ड्रॅगचा होता, म्हणजे फळीशिवाय पोटावर आडवे होऊन, एक हात नावेच्या कण्यासारखा पाण्यात खुपसून, पतंगाच्या ओढीने पुढे जाण्याचा. सुटून गेलेल्या फळीपर्यंत परत पोहोचण्याचा हा एकमेव सभ्य मार्ग आहे. मी पोटावर वळलो की जॅकेट मला पाठीवर वळवी. मी पुन्हा वळे, ते पुन्हा वळवी. शेवटी दमून मी आभाळाकडे पाहत पडून राहिलो आणि जॅकेटचे समाधान झाले. प्रशिक्षक किनाऱ्यावरून हातवारे करत होता; मला ते दिसत नव्हते, कारण कॉलर दोन्ही कानांच्या वर आलेली होती.

हवेने फुगणारे पातळ जॅकेट घ्यावे, असाही सल्ला एकाने दिला. त्यात कार्बन डायऑक्साइडचे छोटे नळकांडे असते आणि पाणी लागताच ते आपोआप फुगते. होडीतून चुकून पडणाऱ्या माणसासाठी ही योजना उत्तम आहे. मी मात्र तासाला तीस वेळा पडतो आणि त्यातील एकही वेळ चुकून नसते.

खरी परीक्षा पुढे होती, आणि तिचे नाव हार्नेस. कोणतीही व्हेस्ट एकटी असताना गुणी वाटते. तिच्यावर हार्नेस आवळला की दोघांचे जमत नाही. पतंग हार्नेसला वर ओढतो, हार्नेस व्हेस्टला वर ढकलतो, आणि व्हेस्टला जायला माणसाच्या तोंडाखेरीज दुसरी जागा नसते. एका विक्रेत्याने मला हे प्रात्यक्षिकासह दाखवले. छताला टांगलेल्या दोरात त्याने माझा हुक अडकवला आणि खाली बसल्यासारखे करा, असे सांगितले. मी केले. हार्नेस बरगड्यांवर चढला, व्हेस्टचा गळा नाकापाशी आला, आणि “बरे वाटते का” या त्याच्या प्रश्नाला मी दिलेले उत्तर माझे मलाच दुरून ऐकू आले. त्याच अवस्थेत त्याने मला डोळे मिटून क्विक रिलीज शोधायला लावले. पतंग बेभान झाला तर आपली सुटका करणारी ती खटकी हुकापाशीच असते, आणि संकटात हात तिच्यावर न शोधता पडायला हवा. माझा हात आधी फोमवर पडला, मग विक्रेत्याच्या खांद्यावर. एवढा जाड फोम छातीवर असताना मला स्वतःचा हुकदेखील दिसत नव्हता.

उतरल्यावर व्हेस्ट निघेना. ती डोक्यावरून घालायची जात होती आणि मी घामाने ओला होतो. दोन्ही हात वर, डोके आत आणि पोट बाहेर, अशा स्थितीत मी काही काळ काढला. आत अंधार होता, रबराचा वास होता आणि विचार करायला भरपूर शांतता होती. पुढच्या बाजूला चेन असलेलीच व्हेस्ट घ्यायची, हा माझा या साऱ्या प्रकरणातील एकमेव ठाम निर्णय मी तिथे घेतला. चेनची पट्टी हार्नेसखाली रुतते असे जाणकार सांगतात. रुतू दे.

याच अडचणीशी माणसे फार पूर्वीपासून झगडत आली आहेत, हे वाचून मला धीर आला. ब्रिटनमधील जीवरक्षक नौकांवरच्या लोकांसाठी कॅप्टन वॉर्ड यांनी १८५४ मध्ये बुचाचे जॅकेट तयार केले, तेव्हा त्यांच्यापुढेही हाच पेच होता: माणूस तरंगला पाहिजे आणि त्याला वल्हेही मारता आले पाहिजे. म्हणून त्यांनी बुचाचे अरुंद तुकडे कॅनव्हासवर शिवले, म्हणजे अंग वाकवता येईल. १८६१ मध्ये व्हिटबी येथे अशी एक नौका उलटून तेरांपैकी बारा जण गेले. वाचलेल्या हेन्री फ्रीमन यांच्या अंगात हे नवे जॅकेट होते. हे वाचल्यानंतर मी आरशासमोर पोट आत घेणे थांबवले.

अखेर घेतली ती ५० न्यूटनची, प्रमाणपत्र असलेली, पुढून चेनची आणि कमरेच्या वरच संपणारी व्हेस्ट. तिचा फोम छातीवर आणि पाठीच्या वरच्या भागात आहे. हार्नेस बसतो तिथे ती रिकामी आहे. तिच्या जोडीला मी मांड्यांतून पट्टे घेणारा, बसता येईल असा हार्नेस घेतला, कारण तो वर सरकत नाही. त्यामुळे मी मागून लंगोट लावलेल्या बाळासारखा आणि पुढून मालवाहू जहाजासारखा दिसतो, पण व्हेस्ट आपल्या जागी आणि तोंड आपल्या जागी राहते. बरगड्यांना जे काही संरक्षण मिळते ते पदरात पडले असे समजतो. पहिल्या दिवशी फळी सुटली, मी पोटावर वळलो, आणि पोटावरच राहिलो. प्रशिक्षक ओरडला नाही.

त्या संध्याकाळी पत्नीने व्हेस्ट उलटी करून दोरीवर वाळत घातली आणि आतील चिठ्ठी वाचली. या व्हेस्टलाही चिठ्ठी होतीच. प्रमाणपत्राच्या आनंदात मी ती वाचायची विसरलो होतो. केवळ पोहता येणाऱ्यांसाठी, असे तिच्यावर लिहिले होते, कारण ५० न्यूटन हा पोहणाऱ्याला दिलेला हात असतो, त्याच्या बदली पोहणारा नोकर नव्हे. “अहो,” ती म्हणाली, “तुम्हांला पोहता येतं ना?”

मला पोहता येते. तलावाची रुंदी मी काठावर नजर ठेवून, मधे कोणी आडवे आले नाही तर, एका दमात पार करतो. हे मी तिला सविस्तर सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता मी पोहण्याच्या वर्गाला हजर झालो, आणि तिथल्या शिक्षकांनी नाव लिहून घेण्याआधी मला अंगातील व्हेस्ट काढून ठेवायला सांगितले.