कॅमेऱ्याच्या बॉडीत मोटार आहे का, ते आधी बघा

‘पहिल्या डीएसएलआरसोबत कुठलीही जुनी ५० मिमी एफ/१.८ लेन्स घ्या’ हा सल्ला निकॉन घेणाऱ्याला चांगलाच महागात पडेल. डी३२००, डी३५०० यांसारख्या स्वस्त बॉडीत (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यात) लेन्स फिरवून आपोआप फोकस करणारी मोटारच नसते. त्यावर जुनी, स्वतःची मोटार नसलेली ‘एएफ-डी’ लेन्स बसते, फोटोही निघतो, पण फोकस हातानेच करावा लागतो. लेन्सवर ‘एएफ-एस’ (म्हणजे मोटार लेन्समध्येच) लिहिलंय का, हे बघूनच पैसे द्या. कॅननच्या ईएफ ऑटोफोकस लेन्समध्ये मोटार आतच असते, तिथे हा घोळ नाही.

आम्ही बडोद्याचे, त्यामुळे कॅमेऱ्याची खरी परीक्षा नवरात्रात. सेकंडहँड डी३२०० घेतला तेव्हा दुकानदाराने डी लेन्स गळ्यात मारली, मोटारीचं अवाक्षर काढलं नाही. गरब्यात पुतणी समोर यायची, मी फोकसची रिंग फिरवेपर्यंत पुढे निघून जायची. फोटोत मागच्या बाईच्या चनियाचोळीवरचे आरसे लख्ख, हिचा चेहरा पुसट. फार वाईट वाटलं. पुढच्या वर्षी एएफ-एस घेतली आणि तिचे डोळे पहिल्यांदा नीट टिपता आले. एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त; ५५ मिमीला एफ/५.६ वर अडकणाऱ्या, कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सपेक्षा एफ/१.८ ला नऊपट तरी जास्त उजेड मिळतो, म्हणून लेन्स जरूर घ्या, फक्त योग्य ती घ्या.