आबांच्या कानातला सेल

मामाने माळ्यावरचा जपानी कॅमेरा दिला, सत्तरच्या दशकातला, सगळं टकाटक, म्हटलं चला लॉटरी. पहिला रोल धुवून आला तर निगेटिव्ह इतक्या पातळ की स्टुडिओवाला उजेडात धरून म्हणाला, "अमावस्येला गेला होतात का?" गेलो होतो पर्वतीवर, मे महिन्यात, भर दुपारी बारा वाजता.

मग ठरवलं, कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरची परीक्षाच घ्यायची. कडक उन्हाचा हिशोब सोपा असतो, अपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, 16 वर (आकडा मोठा तर भोक लहान) आणि शटर फिल्मच्या स्पीडएवढं, म्हणजे 100 स्पीडच्या फिल्मला साधारण 1/125 सेकंद. मी 1/500 लावलं, शटर चौपट घाईत, तर भोक मोठं हवं, म्हणजे मीटरची सुई अपर्चर 8 वर यायला पाहिजे. पण मीटरला सगळं जग करडंच वाटतं, पांढरी भिंत दाखवली की तो घाबरून उजेड कमी करतो, म्हणून समोरच्या बिल्डिंगची बिनरंगाची सिमेंटची भिंत धरली आणि अर्धा तास तिच्याकडे कॅमेरा रोखून गच्चीत उभा. शेवटी समोरच्या काकू खिडकीत आल्याच. "काय रे, आमच्या लीकेजचे फोटो काढतोयस? कुणी सांगितलं तुला?" मी म्हटलं काकू मीटर चेक करतोय, तर त्या म्हणाल्या मीटर जिन्याखाली आहेत.

मोबाइलचं ॲप आणि मित्राचा डिजिटल दोघंही 8 च्या आसपास, आणि आमची सुई 11 च्याही पुढे, जवळपास दीड स्टॉपचा घोळ (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट)!

कारण निघालं बॅटरी. हा कॅमेरा 1.35 व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बनवलेला, ते सेल पाऱ्यापायी बंद झाले, आणि मी घातला होता दुकानातला साधा अल्कलाइन, 1.5 चा. जास्तीचा करंट मिळाला की सुईला वाटतं काय ऊन पडलंय, मग ती भोक लहान करायला सांगते आणि फिल्म उपाशी.

यावर औषध आबांच्या कानात होतं. त्यांच्या मशीनचा 675 नंबरचा सेल, निळ्या स्टिकरवाला, हवेवर चालतो, 1.4 व्होल्ट. आकाराने लहान, म्हणून भोवती नळाचा वायसर बसवला. स्टिकर काढून जरा थांबलो, हवा लागू दिली, परत भिंत. सुई 8 वर! मी गच्चीत एकटाच नाचलो, काकूंनी खिडकी लावून घेतली.

फक्त स्टिकर एकदा निघालं की हा सेल कॅमेरा बंद असला तरी दोन-चार महिन्यांत संपतो. पाकिटात सहा असतात, आता पाच आहेत, आणि आबा मोजून ठेवतात. रात्री जेवताना म्हणाले, "काय, कॅमेऱ्याला ऐकू यायला लागलं का?"